हर्पिस विषाणूंमागे गेलेली आयुष्ये

माणसाला होणारे हर्पिस कुळातले विषाणू एकूण नऊ. तापानंतर ओठांवर पुळ्या आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स 1, मुख्यतः जननेंद्रियांवर आढळणारा हर्पिस सिम्प्लेक्स 2, लहानपणी कांजिण्या आणि उतारवयात नागीण देणारा व्हॅरिसेला-झोस्टर, एपस्टीन-बार, सायटोमेगॅलो, आणि डॉक्टरांखेरीज फारसे कोणी नाव न घेणारे आणखी चार. या सगळ्यांची एक खोड सारखी आहे. एकदा शरीरात शिरल्यावर ते कायमचे बाहेर पडत नाहीत. त्यामुळे त्यांच्या अभ्यासात दोन प्रश्न मध्यवर्ती ठरले: पेशीत शिरल्यावर विषाणू स्वतःच्या प्रती कशा काढतो, आणि मधली अनेक वर्षे तो गप्प कसा राहतो. शिकागो विद्यापीठातल्या बर्नार्ड रॉइझमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नांवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ घालवला. पेशींच्या आत इतके खोल पाहण्याचा दवाखान्यातल्या माणसाला काय उपयोग, यावर मात्र एकमत नाही.

पुढच्या संवादातल्या दोन बाजू नाशिकच्या आहेत. एका बाजूला पंचवटीत अनेक वर्षे दवाखाना चालवणारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. दोघेही प्रातिनिधिक आहेत; त्यांच्या तोंडची शास्त्रीय माहिती मात्र नोंदलेली आहे.

डॉक्टर : मॅडम, सरळच विचारतो. निफाड-दिंडोरीकडून माझ्याकडे नागिणीचे पेशंट येतात. साठी-पासष्टीचा द्राक्षबागायतदार, बरगडीवर फोडांचा पट्टा, आणि आजाराचा पाचवा दिवस. आधी गावात कोणी गेरू लावलेला असतो, कोणी मंत्र घालून नागीण ‘उतरवलेली’ असते. हा माणूस तीन दिवसांत माझ्यापर्यंत पोचला असता तर काम झालं असतं. त्याच्यासाठी कुणीतरी शिकागोत बसून विषाणूची जनुकं मोजली, याचा काय फायदा?

प्राध्यापिका : त्या बागायतदाराला सगळ्यात जास्त भीती कशाची असते?

डॉक्टर : नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो, याची. घरचे रोज बघतात, कुठवर आली म्हणून.

प्राध्यापिका : आणि तुम्ही काय सांगता त्यांना?

डॉक्टर : की ती टेकणार नाही. शरीराच्या एकाच बाजूला राहते, मध्यरेषेपाशी थांबते.

प्राध्यापिका : ती का थांबते हे कळायला किती वर्षं गेली, ते बघा.

नागीण झालेल्या रुग्णाच्या घरात वावरलेल्या मुलांना कांजिण्या येतात, हे हंगेरीतले बालरोगतज्ज्ञ यानोस बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले होते. 1905 साली शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांना चेहऱ्याच्या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ओठांवर पुळ्या उठताना दिसल्या. हर्पिस सिम्प्लेक्स मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहत असावा, असा तर्क अर्नेस्ट गुडपास्चर यांनी 1929 साली मांडला. 1971 साली कॅलिफोर्नियात जॅक स्टीव्हन्स आणि मार्जरी कुक यांनी उंदरांच्या मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठींतून तो दडलेला विषाणू पुन्हा जागा करून दाखवला. कांजिण्यांचा विषाणूही अशाच गाठींत राहतो. म्हातारपणात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या गाठीतून निघणाऱ्या मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत उतरतो. एका बाजूच्या गाठीचा तंतू त्याच बाजूच्या त्वचेच्या एका पट्ट्याला जातो. पट्टा छातीच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून नागीणही तिथेच संपते. प्रतिकारशक्ती फारच ढासळलेल्या रुग्णात फोड अंगभर पसरू शकतात, पण तेही वेढा पूर्ण झाल्यामुळे नव्हे.

डॉक्टर : एक नाव तुम्ही गाळलंत, आणि तेच माझ्या बाजूचं आहे. एडगर होप-सिम्प्सन. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावचा साधा जनरल प्रॅक्टिशनर. स्वतःच्या दवाखान्यातले नागिणीचे पेशंट 16 वर्षं नोंदवत राहिला. शेटलंडमधल्या येल बेटावर जाऊन तिथल्या नोंदी तपासल्या. आणि 1965 साली सांगितलं, की नागीण बाहेरून येत नाही, ती लहानपणच्या कांजिण्यांची उरलेली बाकी आहे. त्यानं एकही जनुक पाहिलं नव्हतं. वही आणि पेशंट, बस्स.

प्राध्यापिका : मला तो माणूस फार आवडतो. पण तो वहीत लिहीत होता त्याच काळात हार्वर्डमध्ये थॉमस वेलर कांजिण्यांच्या आणि नागिणीच्या फोडांतला विषाणू पेशींवर वाढवत होते. दोन्हीकडे एकच विषाणू आहे, याचा भक्कम आधार तिथून मिळाला. तो नसता तर होप-सिम्प्सनचं म्हणणं एक हुशार अंदाज म्हणून राहिलं असतं.

डॉक्टर : विषाणू वाढवणं मला मान्य आहे. त्याचे तुकडे मोजत आयुष्य घालवणं, त्यावर माझा आक्षेप आहे.

हा आक्षेप तोलण्यासाठी ‘तुकडे मोजणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहावे लागते.

हर्पिस सिम्प्लेक्समध्ये सुमारे 1,52,000 बेसजोड्यांचा दुपदरी डीएनए असतो. त्याभोवती 162 घटकांचे वीस पैलूंचे कवच, कवचाबाहेर प्रथिनांचा जाड थर आणि सर्वांवर स्निग्ध आवरण. आवरणातून वर आलेली प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावरचे ठरावीक रेणू पकडतात. अशा एका रेणूची, म्हणजे हेपरान सल्फेटच्या एका खास रूपाची, ओळख 1999 साली दीपक शुक्ल आणि पॅट्रिशिया स्पिअर यांच्या कामातून पटली. आवरण पेशीच्या पटलात मिसळते, कवच पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाकडे ओढले जाते आणि केंद्रकाच्या छिद्रापाशी थांबते. कवचाच्या एकाच कोपऱ्याला दार असते. डीएनए त्या दारातून केंद्रकात जातो, कवच बाहेरच राहते.

यापुढचा भाग रॉइझमन यांच्या कारकिर्दीचा गाभा आहे. 1929 साली किशिनेव्ह येथे जन्मलेले रॉइझमन दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आले, जॉन्स हॉपकिन्समधून 1956 साली डॉक्टरेट घेतली आणि 1965 पासून शिकागो विद्यापीठात राहिले. 1974 साली त्यांनी आणि रॉबर्ट होनेस यांनी एक साधा पण चलाख प्रयोग प्रसिद्ध केला. पेशींना विषाणूची लागण करताना त्यांनी सायक्लोहेक्सिमाइड वापरले. हे रसायन असताना विषाणूचे संदेश-आरएनए तयार होतात, पण त्यांच्यावरून प्रथिन बनत नाही. रसायन धुऊन काढताच काही मोजकी प्रथिने लगेच बनली. ती बनल्यावरच दुसरा गट सुरू झाला, आणि दुसऱ्यानंतर तिसरा. या गटांना अल्फा, बीटा आणि गॅमा अशी नावे मिळाली. अल्फा प्रथिने पेशीचा ताबा घेतात. बीटा गटात डीएनएच्या प्रती काढणारी यंत्रणा असते. गॅमा गटातून कवच आणि आवरणाचे भाग तयार होतात. त्याच गॅमा गटातले एक प्रथिन नव्या विषाणूच्या मधल्या थरात बसून पुढच्या पेशीत जाते आणि तिथे पुन्हा अल्फा जनुकांची कळ दाबते. इतका काटेकोर क्रम विषाणूत असेल, अशी तेव्हा फारशी कुणाची अपेक्षा नव्हती.

डीएनएच्या प्रती काढायला विषाणूची स्वतःची सात प्रथिने लागतात, हे 1980 च्या दशकात मार्क चालबर्ग आणि इतरांच्या प्रयोगांतून ठरले. एक प्रथिन सुरुवातीची जागा शोधते, तिघे मिळून दुपदरी धागा उकलतात आणि नव्या धाग्याची पहिली गाठ मारतात, एक सुटा धागा सांभाळते, आणि उरलेली दोघे नवा धागा विणतात. प्रती एकामागे एक जोडलेल्या लांब साखळीत निघतात. वेगळी तीन प्रथिने ती साखळी मापात कापून रिकाम्या कवचात भरतात. भरलेली कवचे केंद्रकाच्या आतल्या पटलातून कळीसारखी बाहेर येतात, ते पांघरूण टाकून देतात आणि पेशीद्रवात दुसरे आवरण घेतात. हा सारा फेरा एका दिवसाच्या आत पुरा होतो, आणि शेवटी पेशी मरते.

चेतापेशीत मात्र हा फेरा बहुधा सुरूच होत नाही. डीएनए वर्तुळाकार होऊन, पेशीच्याच प्रथिनांवर गुंडाळून पडून राहतो आणि त्यातून जवळजवळ एकाच जागेचे आरएनए निघत राहतात. कळ दाबणारे प्रथिन लांब तंतूवरून केंद्रकापर्यंत पोचत नसावे, हे त्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे.

डॉक्टर : छान सांगितलंत. आता असायक्लोव्हिर घ्या. आज नागिणीचा, ओठांवरच्या हर्पिसचा, मेंदूच्या हर्पिसचा सगळा भार त्याच्यावर आहे. ते कुणी शोधलं? बरोज वेलकम कंपनीतल्या हॉवर्ड शेफर आणि गर्ट्रूड एलियन यांनी. एलियन यांच्याकडे तर डॉक्टरेटही नव्हती. रॉइझमन यांचा क्रम वाचून त्यांनी औषध घडवलं नाही. संयुगं तपासता तपासता ते हाती लागलं.

प्राध्यापिका : हे अगदी खरं आहे.

डॉक्टर : मग?

प्राध्यापिका : मग असं, की हाती लागल्यावर ते इतकं निर्धोक का, हा प्रश्न होता. 1977 साली उत्तर मिळालं. असायक्लोव्हिर आहे तसं काही करत नाही. विषाणूचं थायमिडीन कायनेज हे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडतं, तेव्हा ते कामाला लागतं. निरोगी पेशीत ते विकर नसतं, म्हणून निरोगी पेशीला इजा नाही. मग विषाणूचं डीएनए विणणारं विकर फसतं, तो तुकडा धाग्यात घालतं, आणि धागा तिथेच खुंटतो. हे समजलं म्हणून डॉक्टर मोठे डोस निर्धास्त देऊ लागले. आणि एखाद्या एचआयव्हीच्या रुग्णात औषध चालेनासं झालं की ते विकरच बिघडलं असणार, हे कळतं, आणि ज्याला त्या विकराची गरज नाही असं फॉस्कार्नेट तुम्ही देता.

डॉक्टर : मेंदूच्या हर्पिसबद्दल मी वाद घालणार नाही. उपचाराविना 70 टक्के रुग्ण जायचे. 1986 च्या चाचणीत आधीच्या विडाराबिन औषधाशी तुलना केली तर असायक्लोव्हिरने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण नागीण बघा. 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. छाटणीच्या हंगामात कोण घेतं पाच वेळा?

प्राध्यापिका : तोंडावाटे घेतलेल्या असायक्लोव्हिरचा जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात जातो, म्हणून पाच वेळा. व्हॅलासायक्लोव्हिर त्यासाठीच आलं, दिवसातून तीन वेळा. आणि डीएनएच्या प्रती काढणारी ती सात प्रथिनं आठवतात ना? उकलणाऱ्या तिघांच्या जोडणीवर घाव घालणारी संयुगं 2002 साली दोन कंपन्यांनी जाहीर केली. त्याच जोडणीवर काम करणारं अमेनामेव्हिर 2017 पासून जपानमध्ये नागिणीसाठी मिळतं, दिवसातून एकदाच. त्याच वर्षी अमेरिकेत लेटरमोव्हिर मंजूर झालं. ते सायटोमेगॅलोची साखळी कापणाऱ्या प्रथिनांना अडवतं. अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णांचं त्याने संरक्षण होतं.

डॉक्टर : जपानमध्ये मिळतं. पंचवटीत नाही.

या उत्तरात कडवटपणा असला तरी मुद्दा खरा आहे. त्याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. नागीण बरी झाल्यावर त्याच जागी महिनोन्‌महिने जळजळ आणि सुया टोचल्यासारखी कळ राहते, ती म्हाताऱ्या रुग्णांना मूळ आजाराहून नकोशी होते. विषाणूविरोधी गोळ्या फोड लवकर सुकवतात. पुढची दीर्घ वेदना त्या टाळतात, असे मात्र चाचण्यांतून खात्रीने दिसलेले नाही. तोवर मज्जातंतूचे नुकसान होऊन गेलेले असते. इथे विषाणूचा पुनरुत्पादन-क्रम कितीही बारकाईने माहीत असला तरी तो डॉक्टरांच्या कामाचा नाही. इथे लस कामाची आहे.

प्राध्यापिका : आणि लस कुठून आली? शिंग्रिक्स या लशीत जिवंत विषाणू नाही. त्यात नागिणीच्या विषाणूच्या आवरणावरचं एकच प्रथिन आहे, ग्लायकोप्रोटीन ई. एवढ्या प्रथिनांतून हेच का निवडायचं, हे तुकडे मोजणाऱ्यांनी सांगितलं. 2015 मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा परिणाम 97 टक्के आला.

डॉक्टर : दोन मात्रा, आणि एकेक हजारोंच्या घरात. सरकारी लसीकरणात नाही. बागायतदार एक वेळ घेईल, शेतमजूर नाही.

प्राध्यापिका : किंमत हा संशोधकाचा दोष आहे का?

डॉक्टर : नाही. पण पैसा कुठे जातो, हा प्रश्न आहेच. 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उघडलं, तेव्हा त्याने डास आणि गोचिडांपासून होणाऱ्या आजारांवर भर दिला. आपल्याकडे माणसं त्यानेच मरत होती. तेच शहाणपण. नाशिकमध्ये दर पावसाळ्यात डेंग्यू असतो. सिंहस्थ तोंडावर आहे, गोदाकाठी लाखो लोक येतील. अशा ठिकाणी हर्पिसला कोण विचारतो?

प्राध्यापिका : डेंग्यूला लागतो तो पैसा द्याच. पण हर्पिसला फार लागत नाही. दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा, म्हणजे बऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात असते तेवढी. 1962 मध्ये जपानमध्ये माकडाच्या मूत्रपिंडातून तयार केलेल्या व्हेरो पेशी कुठेही वाढतात. त्यांवर विषाणू सोडला की मेलेल्या पेशींची भोकं पडतात, ती मोजायची, झालं. विद्यार्थ्याला विषाणू म्हणजे काय हे हाताने शिकायचं तर यापेक्षा चांगला विषाणू नाही. दिंडोरी रोडवर राज्याचं आरोग्य विद्यापीठ आहे. त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांतून असे विद्यार्थी का निघू नयेत?

हर्पिसला कोणी विचारत नाही, हे डॉक्टरांचे वाक्य मात्र नाशिक जिल्ह्यातच टिकत नाही. कोंबड्यांचा मॅरेक रोग हा हर्पिस विषाणूचाच. हंगेरीतल्या योझेफ मॅरेक यांनी 1907 साली त्याचे वर्णन केले. पाय लुळे पडलेल्या, पोटात गाठी झालेल्या कोंबड्यांचे कळपच्या कळप त्याने जात. कारण हर्पिस आहे हे 1967 साली ब्रिटनमध्ये कळले आणि थोड्याच वर्षांत टर्की पक्ष्याच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूची लस आली. कोणत्याही प्राण्यातला कर्करोग रोखणाऱ्या पहिल्या लशींपैकी ती एक. पिल्लू अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच हॅचरीत ती टोचली जाते, आणि लशीतला विषाणू जिवंत पेशींच्या आत असल्याने ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. सिन्नर-इगतपुरीकडच्या पोल्ट्रीवाल्याला हर्पिस हे नाव ठाऊक नसेल, पण पिल्ले घेताना मॅरेकची लस झाली का, हे तो विचारतो.

प्राध्यापिका : मला वाटतं, तुम्हाला खरं उत्तर 2015 सालात मिळेल. 1990 मध्ये रॉइझमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की हर्पिसचं एक गॅमा जनुक काढलं तर तो उंदरांच्या मेंदूत रोग करू शकत नाही. तेव्हा ही केवळ नोंद होती. पुढे दुसऱ्या एका गटाने ओठावरच्या पुळीतून घेतलेल्या विषाणूतलं तेच जनुक काढलं, आणखी एक काढलं, आणि प्रतिकारशक्ती जागवणारं मानवी जनुक घातलं. असा विषाणू निरोगी पेशीत फारसा वाढत नाही, कर्करोगाच्या गाठीच्या पेशीत वाढतो. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगात गाठीत टोचायला अमेरिकेने 2015 मध्ये त्याला मंजुरी दिली.

डॉक्टर : आणि तो किती रुग्णांना तारतो?

प्राध्यापिका : थोड्यांना. पण हे औषध चाळणीतून सापडलेलं नाही. जनुकाचं काम कळलं, म्हणून ते रचता आलं.

डॉक्टर : हे मी मान्य करतो. पण एक सांगा. दडलेला विषाणू चेतापेशींच्या गाठीतून कायमचा काढणारं औषध आहे?

प्राध्यापिका : नाही. एकही नाही. सगळी औषधं विषाणू वाढत असताना चालतात. झोपलेल्या विषाणूला त्यांचा स्पर्शही होत नाही.

डॉक्टर : म्हणजे मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

प्राध्यापिका : तसाच, आणि आता जास्त महत्त्वाचा. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींतून दिसलं, की एपस्टीन-बारची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका 32 पट होतो. 2025 मध्ये वेल्समधून आलं, की नागिणीची जुनी लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी होता. गप्प बसलेला विषाणू किती गप्प असतो, हेच पुन्हा तपासावं लागणार आहे.

वादाचा निवाडा द्यायचा तर दोघांचा राग वेगवेगळ्या ठिकाणी जायला हवा. पाचव्या दिवशी येणाऱ्या रुग्णाचे नुकसान रॉइझमन यांच्यामुळे होत नाही. असायक्लोव्हिर देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, जेनेरिक स्वरूपात मिळते, आणि तरी रुग्ण उशिरा येतो. याला गेरू लावणारा जितका जबाबदार, तितकेच ते दुकान जबाबदार, जिथे डोळा लाल झाला म्हणून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब मिळतात. हर्पिसने डोळ्याच्या बुबुळावर झालेल्या जखमेत एकटे स्टिरॉइड घातले तर विषाणूला रान मोकळे होते आणि दृष्टी जाऊ शकते. विषाणूविरोधी औषध असे पहिले ज्याला म्हणता येईल, ते आयडॉक्सयुरिडीन 1962 साली याच डोळ्याच्या हर्पिससाठी वापरात आले होते. म्हणजे हे ज्ञान साठ वर्षांहून जुने आहे.

नागिणीचे फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोग होतो, कारण विषाणूची वाढ तेव्हाच जोरात असते. त्यानंतरही नवे फोड येत असतील, रुग्ण वयस्क असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर औषध देतात. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.